आधी धनुष्य तोला, मग बाणाचा नंबर ठरवा

रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं त्या धनुष्याची तिरंदाजी, शिकायला मूल आलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पालक बाजूला घेऊन विचारतात, "मॅडम, बाण कुठले घ्यायचे ते सांगा, एकदाच चांगले घेऊन टाकतो." त्या 'एकदाच'ची मला भीती वाटते. आमच्या घरीही हाच शब्द वापरला होता, आणि त्यापायी माझं जवळपास अख्खं वर्ष वाया गेलं. सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्यांत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी नववीत असताना बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळायचे. दहावीच्या सुट्टीत रिकर्व्हवर आले. बाबा यंत्रमागावर कामाला. धनुष्याचे पैसे कसेबसे उभे केले, बाण मात्र जुने घ्यायचे ठरलं. विकणाऱ्याने सांगितलं, "पाचशे नंबरचे आहेत, एकदम कडक, आयुष्यभर जातील." आम्हाला वाटलं, कडक म्हणजे मजबूत. डझनभर बाण घेतले. माझे लिंब, म्हणजे धनुष्याच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, होते सव्वीस पाउंड जोराचे.

बाण डावीकडे जायला लागले. १८ मीटरवर थोडे, ३० मीटरवर चांगलेच. सरांनी आधी माझा हात बघितला, मग खांदा, मग रिलीज, म्हणजे दोरी सोडणं. मी घरी आरशासमोर रोज अर्धा तास रबराची पट्टी ओढायचे. साईट, म्हणजे नेम धरायची खूण, डावीकडे सरकवत सरकवत टोकाला नेली. प्लंजरची, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची, स्प्रिंग अगदी सैल केली. तरीही दर दोन-तीन बाणांमागे एक बाण सुटताना 'टक' असा आवाज यायचा. एकदा रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, आतल्या बाजूला बोट फिरवलं तर तिथे काळपट रेघ उमटलेली आणि बाणाच्या एका पिसाची कड खरवडलेली. बाण जाताना धनुष्याला घासत होता. चूक माझ्या हातात कमी आणि बाणात जास्त आहे, ही शंका मला तेव्हा पहिल्यांदा आली.

स्पाईन, म्हणजे बाणाचा कडकपणा, काय असतो हे मला कळलं ते घरी केलेल्या एका प्रयोगामुळे. तुम्हीही करून बघा. कार्बन शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या दांडीचा, नंबर ठरवायची रीत अशी: शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे साधारण ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती झुकतो ते मोजायचं. अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच झुकला तर तो ५०० नंबर. पूर्ण एक इंच झुकला तर १०००. म्हणजे नंबर जितका मोठा, तितका बाण नरम. आम्ही नेमकं उलटं समजून बसलो होतो.

दादाने फळीवर २८ इंचांवर दोन खिळे ठोकले. किराणा दुकानाच्या काट्यावर दोरीसकट ८८० ग्रॅम भरेल इतकं पाणी बाटलीत घेतलं. माझे बाण साडेएकोणतीस इंचांचे होते, त्यामुळे खिळ्यांवर नीट बसले. मध्ये बाटली टांगली आणि स्टीलची पट्टी उभी धरून मोजलं. पहिला बाण साडेबारा मिलिमीटर झुकला. दुसरा, तिसरा तसेच. पाचवा मात्र पंधरा मिलिमीटर झुकला, नववाही तसाच. म्हणजे ज्याला आम्ही एक डझन समजत होतो त्यात दोन बाण सहाशेच्या जवळचे होते. रंग एक, पिसं एक, छापील अक्षरं घासून गेलेली. त्या दोन बाणांसाठी सरांनी मला किती वेळा "कोपर खाली जातंय" म्हणून टोकलं असेल! जुने बाण घेण्यात वाईट काही नाही, पण घेण्याआधी एकेक बाण असा तपासून घ्या. विकणारा तपासू देत नसेल तर परत या.

आता बाण वाकायची गरजच काय, असं कोणी विचारेल. रिकर्व्हमध्ये दोरी आपण बोटांनी सोडतो. ती नाकासमोर पुढे जात नाही, बोटांवरून घरंगळताना किंचित बाजूला सरकते. मागून दोरीचा धक्का आणि पुढे पॉइंटचं, म्हणजे टोकाचं, वजन, या दोघांत सापडलेला बाण मधोमध वाकतो, मग उलट बाजूला वाकतो, आणि असा लहरत रायझरला वळसा घालून निघतो. हे वाकणं धनुष्याच्या जोराशी जुळलं तर शेपटाचा भाग धनुष्याला न लागता सुटतो. बाण गरजेपेक्षा कडक असेल तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, नरम असेल तर उजवीकडे. डावखुऱ्यांसाठी हे उलटं. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली, तेव्हापासून मुली येतात आणि तिच्यासारखे बाण मागतात. त्यांचा उत्साह मला फार आवडतो. पण अदिती कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य, खेळते. तिथे दोरी बोटांनी नाही, हातातल्या रिलीज नावाच्या साधनाच्या खटक्याने सुटते, बाजूचा धक्का जवळजवळ नसतो, म्हणून कंपाउंडचे बाण निवडायचा तक्ताच वेगळा. टोकियो ऑलिंपिकला गेलेला फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हवाला. पण त्याचेही बाण त्याच्या धनुष्याचे, त्याच्या ओढीचे. तुमच्या वीस-बावीस पाउंडांच्या लिंबावर ते चालणार नाहीत.

म्हणून पहिलं काम म्हणजे आपलं धनुष्य तोलणं. लिंबावर छापलेले पाउंड २८ इंच ओढीवरचे, म्हणजे दोरी तितकी मागे खेचल्यावरचे, असतात. तुमची ओढ त्यापेक्षा कमी असेल तर दर इंचाला साधारण दोन पाउंड कमी पडतात, जास्त असेल तर तितकेच वाढतात. माझी ओढ साडेसव्वीस इंच. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मिळतो, तो दोरीला अडकवून क्लिकर, म्हणजे ओढ पुरी झाली की वाजणारी पट्टी, वाजेपर्यंत ओढला तर १०.४ किलो आले. २.२ ने गुणलं की २३ पाउंड. लिंबावर छापलेले सव्वीस आणि माझ्या बोटांवर तेवीस! तक्त्यात बघायचे ते हे तेवीस. हे करताना कोणालातरी बरोबर घ्या आणि दोरी सावकाश परत आणा. बाण न लावता सोडलेली दोरी लिंब फोडू शकते.

बोटांवरचे पाउंड आणि बाणाची लांबी, हे दोन आकडे हातात आले की शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात आपला रकाना सापडतो. ढोबळ अंदाज द्यायचा तर २८ इंचांच्या बाणाला २४ पाउंडांच्या आसपास १००० नंबर, ३० च्या आसपास ८००, आणि ४० ला पोचलात की ६०० च्या जवळपास. मी तेवीस पाउंडांवर पाचशेचे बाण मारत होते. तो फरक कुठल्याही प्लंजरने भरून निघणार नव्हता. प्लंजर उन्नीस-बीस सांभाळतो, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

तक्ता म्हणजे सुरुवात, शेवटचा शब्द नाही. शाफ्ट लांब ठेवला की नरम वागतो, कापला की कडक. पॉइंट जड लावला की नरम, हलका लावला की कडक. शंभर ग्रेनच्या (हे पॉइंटच्या वजनाचं माप) जागी ऐंशीचा लावून बघा, फरक दिसतो. लिंबाचे बोल्ट सैल-घट्ट करूनही थोडे पाउंड इकडेतिकडे करता येतात. मनात शंका असेल तर मी नेहमी नरम बाजूचा नंबर घ्यायला सांगते. लांब बाण कापून कडक करता येतो. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

कापायचं काम घरी करवतीने करू नका. कार्बनचे धागे फाटतात आणि ती भुकटी फुप्फुसात जाणं अजिबात चांगलं नाही. बाण कापायच्या चाकावर, मास्क लावून, एका वेळी पाव इंच.

किती कापायचं हे बेअर शाफ्ट सांगतो, म्हणजे पिसं न लावलेला बाण. पिसं लावलेले सहा बाण आणि बिनपिसांचे दोन, आधी १५ मीटरवर, मग १८ आणि ३० वर. पिसं बाणाची चूक झाकतात, बेअर शाफ्ट ती उघड करतो. तो पिसांच्या बाणांच्या ग्रुपच्या, म्हणजे ते एकत्र लागतात त्या जागेच्या, डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर नरम. वर-खाली लागला तर तो प्रश्न स्पाईनचा नाही, नॉकिंग पॉइंटचा, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेचा: बेअर शाफ्ट वर म्हणजे नॉकिंग पॉइंट खाली आहे, खाली म्हणजे वर आहे. पण तुमचे पिसांचे सहा बाणच ताटाएवढ्या जागेत पसरत असतील तर ही परीक्षा आत्ताच घेऊ नका, ती तुम्हाला रोज वेगळं उत्तर देईल. आणि आपल्याकडे आषाढातल्या वाऱ्यात तर नकोच. सकाळी सहा-साडेसहाला वारा पडलेला असतो, तेवढाच वेळ खरा.

वाढत्या वयाच्या मुलांबद्दल आग्रहाने सांगते. वर्षभरात उंची वाढते, ओढ वाढते, लिंब बदलतात, आणि बाणाचा नंबरही बदलतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांत महागडे शाफ्ट घेऊ नका. साधे, सरळ, एकसारखे बाण घ्या आणि उरलेल्या पैशांत दोरी ओढणारी बोटं जपणारा चांगला टॅब घ्या.

रोजची एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. बाण बटमधून, म्हणजे निशाणाच्या गादीतून, काढला की दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा, फिरवायचा, कानाजवळ न्यायचा. बारीक करकर ऐकू आली की तो बाण बाद, कितीही नवा असो. तडा गेलेला कार्बन बाण सुटताना मोडून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. उन्हाळ्यात बंद गाडीत बाण ठेवू नका. आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीच्या आत भट्टी होते, पॉइंटचा डिंक मऊ पडतो, आणि मग बाण हातात येतो, पॉइंट बटमध्येच राहतो.

माझे नवे बाण आले ते १००० नंबरचे. पहिल्या सकाळी बेअर शाफ्ट वीतभर उजवीकडे लागला, आणि मला इतका आनंद झाला की सरांना वाटलं दहा लागला. दोनदा पाव-पाव इंच कापल्यावर तो ग्रुपला चिकटला. 'टक' आवाज पुन्हा आला नाही.

या जूनमध्ये अक्कलकोट रोडकडून एक आठवीतली मुलगी यायला लागली. आई विड्या वळते. "आम्हाला एकदाच घ्यायचेत," असं आईने म्हटल्यावर मी त्यांना खाली बसवलं आणि हुकाचा काटा काढला. अठरा पाउंड भरले. सध्या मैदानावरचे जुने नरम बाण तिला वापरायला दिलेत. बेअर शाफ्ट चार बोटं उजवीकडे लागतोय. रविवारी सकाळी वारा नसेल तर पाव इंच कापणार आहोत.