एकेक डोळा झाकून बघा

दोन डोळे एकमेकांना फार सांभाळून घेतात. एकाची नजर गेली तरी दुसरा भागवतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आमच्या आईचं असंच झालं. अंघोळीत डाव्या डोळ्यात साबण गेला म्हणून तिने तो मिटला, तर समोरची बादली नुसती धूसर. उजव्यातला मोतीबिंदू चांगलाच वाढला होता. तोवर बाई रोज तांदूळ निवडत होती!

म्हणून चाळिशी ओलांडली की पहिलं काम फुकटातलं. नेहमीचा चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका. दाबू नका, दाबलेला डोळा नंतर थोडा वेळ अंधुकच बघतो. दरवेळी त्याच जागेवरून मोठ्या तारखा वाचा. मग वाचायच्या अंतरावर येऊन एका तारखेवर नजर ठेवा आणि चौकटीच्या रेघा सरळ दिसतात का ते बघा. रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसली, मधोमध डाग आला, तर डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं असू शकतं. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. आता दुसरा डोळा. महिन्याचं पान उलटताना हे केलं की लक्षात राहतं.

यात काचबिंदू मात्र सापडत नाही. तो बहुतेकदा न दुखता कडेकडेने नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यासाठी डॉक्टरकडेच जायला हवं: चाळिशीनंतर दर दोनेक वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. मधुमेह असेल तर नीट दिसत असलं तरी दरवर्षी. नुसता नंबर काढून परतू नका. डोळ्याचा दाब बघितला का, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा आणि मागची नस बघितली का, हे विचारा. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर ते आपणहून सांगा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, उजेड खुपतो. स्कूटर घरी ठेवून रिक्षाने जा, गॉगल बरोबर घ्या.

साठी-सत्तरीत कुणी आनंदाने सांगतं, ‘माझा जवळचा चष्मा सुटला!’ पेढे वाटायची घाई नको. डोळ्यातली नैसर्गिक लेन्स मोतीबिंदूने घट्ट होऊ लागली की काही काळ जवळचं असं बिनचष्म्याचं दिसतं. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्लाही आता जुना झाला. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो. वाचन, जिना, रात्रीचं वाहन यांत अडायला लागलं की शस्त्रक्रियेचं बोला. थेंबांनी तो विरघळत नाही. मध, गुलाबपाणी यांचे प्रयोग तर नकोतच.

औषधाचे थेंब टाकायचीही रीत आहे. हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून खळगा करा आणि त्यात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबा, नाहीतर औषध घशात उतरतं. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. बाटली फोडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहा. बरीचशी औषधं महिन्याभरात टाकून द्यायची असतात. आणि डोळा लाल झाला म्हणून दुकानातून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते लांबलं, तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

जेवणात मेथी, पालक, शेवग्याचा पाला असू द्या. गाजराने नंबर जात नाही. तंबाखू-सिगारेट सोडा, उन्हात टोपी घाला.

अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. रविवार असला तरी.