रुळाकडेचा फ्लॅट रविवारी दुपारी बघू नका

ठाकुर्ली आणि कल्याणच्या मधला आमचा फ्लॅट आम्ही पहिल्यांदा बघितला तो रविवारी दुपारी साडेबाराला. वेळ ब्रोकरनेच दिली होती. बाल्कनीसमोर सहा ट्रॅक, पण अर्ध्या तासात पलीकडच्या ट्रॅकवरून दोन-तीन गाड्या गेल्या असतील, तेवढंच. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, आठ दिवसांत ऐकूच येत नाही, सवय होते." घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते कल्याणच्या लोकोशेडमधून रिटायर झालेले. त्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. "सूनबाई, आज स्लो ट्रॅकवर मेगाब्लॉक आहे, दुरुस्तीसाठी गाड्या बंद. बंद दुकानासमोरची गर्दी मोजून आलात तुम्ही."

फ्लॅट आम्ही घेतलाच, पण त्यानंतर तीनदा जाऊन. तुम्हीही तसंच करा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास, एकदा रात्री अकराला आणि एकदा शेवटची लोकल गेल्यावर, दीड-दोनला. ही तिसरी फेरी कुणी करत नाही आणि तीच महत्त्वाची. लोकल थांबल्या की मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकेक करून वेगळ्या ऐकू येतात, आणि ट्रॅकची डागडुजीही त्याच वेळात चालते. वॉचमनला आधी सांगून ठेवा, मालकाकडून किल्ली घ्या आणि ज्या खोलीत झोपणार तिथेच चटई टाकून तासभर पडा. माझ्या नवऱ्याने हे करायला आधी नकार दिला होता. नंतर तोच तिथे घोरत होता, त्यामुळे त्याचं मत आम्ही धरलं नाही.

पडल्या-पडल्या आवाज वेगवेगळे करायला शिका. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. चाकांची सलग घरघर हा त्यातल्या त्यात बरा आवाज, कारण तो हवेतून येतो आणि खिडकीने अडवता येतो. ठरावीक अंतराने ठकठक होत असेल तर समोर सांधे बदलायची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा आहे. यार्डाजवळ असे सांधे खूप, आणि प्रत्येक डबा त्यावरून जाताना आपटतो. गाडीबरोबरच धावणारी टकटक आली की सासरे म्हणतात, "ह्याचं चाक चपटं पडलंय." ब्रेकने घासून चपटं झालेलं चाक. ते गाडीबरोबर निघून जातं, सांधा मात्र तुमच्यासमोरच राहतो.

तिसरा आवाज भोंग्याचा. जवळ फाटक आहे का बघा. रुळाकडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी दिसली तर तिथून मोटरमन शिटी देणारच, तो नियम आहे. चौथा स्टेशनच्या अनाउन्समेंटचा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला लागून असलेल्या घरात मी एक संध्याकाळ बसले होते. गाड्यांचं काही वाटलं नाही. पण 'धीमी लोकल'चं तेच वाक्य तीन भाषांमध्ये ऐकून डोकं उठलं.

आता सगळ्यात मोठी परीक्षा. मालगाडी जाताना भिंतीला तळवा लावा आणि फरशीवर पाण्याने भरलेलं स्टीलचं भांडं ठेवा. पाण्यावर तरंग उठले, तळव्याला थरथर लागली, तर तो हादरा जमिनीतून, इमारतीच्या पायातून वर येतोय. त्याच्यावर खिडकी, पडदा, काच कशाचाही उपाय नाही. असं घर सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

वरचा मजला म्हणजे शांत, हाही गैरसमज. खालच्या मजल्यांना निदान कंपाउंडची भिंत किंवा पुढची बैठी इमारत आडोसा देते. वरून तुम्हाला रूळ दिसत असतील तर आवाजालाही तुम्ही दिसता. अंतराचंही तसंच. लांबलचक गाडीपासूनचं अंतर दुप्पट केलं तरी साधारण 3 डेसिबलच कमी होतात, आणि कानाला आवाज अर्धा वाटायला 10 कमी व्हावे लागतात. म्हणून पन्नास मीटर लांबच्या उघड्या इमारतीपेक्षा पुढच्या इमारतीच्या पाठीमागचा फ्लॅट बरा. तेच घरातही. बेडरूम रुळाच्या उलट बाजूला आणि स्वयंपाकघर, बाथरूम, जिना रुळाकडे, असा नकाशा मिळाला तर अर्धं काम फुकटात झालं.

कागदपत्रांत दोन गोष्टी. रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेचं ना-हरकत पत्र लागतं, ते बिल्डरकडे मागा आणि महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या, साइटवर प्रकल्पाची कागदपत्रं स्वतः उघडून वाचा. दुसरं, नवीन मार्गिका कुठून जाणार ते विचारा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे तिसरी-चौथी आणि कसाऱ्याकडे तिसरी मंजूर आहे. आज खिडकीखाली दिसणारी झुडपांची पट्टी उद्या ट्रॅक असू शकते. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण तेवढ्यावर विसंबून घर घेऊ नका.

भाव करताना लाजू नका. आम्ही बाल्कनीत उभं राहून फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर गाडी जाताना 82 डेसिबल दाखवलं आणि खिडक्यांच्या कामाचं कोटेशन पुढे ठेवलं. फोनचं माप काटेकोर नसतं, पण आधी आणि नंतरचा फरक बघायला आणि मालकाला गप्प करायला पुरतं.

राहायला गेल्यावर पहिला पैसा मी वाया घालवला. जाड मखमली पडदे. खोलीतला घुमारा कमी झाला, गाडी होती तेवढीच राहिली. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांचंही तेच होतं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट बंद असावी लागते. नेहमीची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी दोन्हींत नापास. काच पातळ, पल्ल्यांमध्ये नुसता ब्रश, खालच्या पट्टीत पाणी जायला भोकं. रात्री फॅन बंद करून आणि बाथरूमचा एक्झॉस्ट लावून बंद खिडकीच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे आत झुकतो तिथून गाडी आत येते.

आम्ही जुनी खिडकी काढलीच नाही. भिंतीच्या जाडीत आतल्या कडेला दुसरी, बाहेर उघडायला जागा नाही म्हणून आत उघडणारी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीची खिडकी बसवली. हँडल फिरवलं की पल्ला रबरी गास्केटवर दाबला जातो. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेली, बाहेरच्या काचेपेक्षा जाड. जाडी वेगळी हवी, नाहीतर दोन्ही काचा एकाच सुरात गातात. दोन खिडक्यांमध्ये चार इंचाची पोकळी मिळाली. दुकानदार डबल ग्लेझिंग, म्हणजे एकाच पल्ल्यात दोन काचा, विकायला बघेल, पण त्यातली अर्ध्या इंचाची पोकळी मुख्यतः उष्णतेसाठी. चाकांच्या जाड आवाजाला मोठी पोकळीच लागते.

फिटिंगच्या दिवशी सुट्टी काढा. आमच्या माणसाने चौकट आणि भिंतीमधल्या बोटभर फटीवर वरून नुसती सिलिकॉनची रेघ ओढली होती, आत पोकळ. सगळं उकरून आत सिमेंटचा मसाला भरायला लावला, मग वरून सिलिकॉन. एसीच्या पाइपचं भोक, विंडो एसीची जुनी जागा, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टचा चौकोन, दाराखालची फट हे त्याच दिवशी बुजवून घ्या. बाहेरून काही बदल दिसत असेल तर सोसायटीची परवानगी आधी.

बंद खिडकीत जोरातली गाडी आधी 63 दाखवायची, आता 47. घुसमट होऊ नये म्हणून रुळाच्या उलट बाजूची खिडकी उघडी आणि पंखा दोनवर. स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, हे लक्षात असू द्या. पावसाळ्याआधी गास्केट ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, चिकटलं की फाटतं.

एक खर्च मात्र वाचवता आला असता. सासऱ्यांच्या खोलीतही मी तीच दुहेरी खिडकी करून घेतली. रोज रात्री ते दोन्ही पल्ले सताड उघडतात. तुमच्या घरात कुणी रेल्वेवाला असेल तर त्या खोलीचं माप देऊच नका.