बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहताय? छोट्या व्यवसायांनी या चुका टाळा

“बॅकअप घेता का?” असं कुणाही छोट्या व्यावसायिकाला विचारलं की “हो, रोज!” असं उत्तर येतं. तो शेवटचा रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, कधी बघितला होता, या पुढच्या प्रश्नाला मात्र बहुतेक जण अडखळतात.

बॅकअप घ्यायचा, पण उघडून बघायचा नाही

यात मोठेही फसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून भलत्याच सर्व्हरवरचा डेटा उडाला. प्रती ठेवायच्या पाच सोयी होत्या, पण भरवशाची एकही निघाली नाही. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेल सुटत होते, पण वाटेतच नाकारले जात होते, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. सुमारे सहा तास आधी भलत्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. मधल्या वेळातल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा “बॅकअप यशस्वी” या हिरव्या खुणेवर विसंबू नका. महिन्यातून एकदा दुसऱ्याच एखाद्या संगणकावर तो रिस्टोअर करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडा, कालचं शेवटचं बिल दिसतंय का पाहा आणि एखाद्या मोठ्या ग्राहकाची बाकी मूळ संगणकाशी ताडून घ्या. फाइल उघडत नसेल तर आधी हे तपासा: कॉपी होत असताना सॉफ्टवेअर चालू होतं का? दुसऱ्या संगणकावर जुनी आवृत्ती आहे का? लायसन्स की कुठे आहे? आणि बॅकअपला पासवर्ड असेल तर तो बंद पडणाऱ्या त्याच संगणकात तर ठेवलेला नाही ना? हा शेवटचा घोळ वाटतो त्याहून फार जास्त ठिकाणी सापडतो.

सगळ्या प्रती एकाच छताखाली

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, अशा ग्राहकांच्या हाती काहीच उरलं नाही. क्लाउड म्हणजे तरी शेवटी कुणाच्या तरी इमारतीतले संगणकच. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजूनही पुरेसा आहे. मी त्यात एवढीच भर घालेन की एक प्रत कशालाही न जोडलेली असावी. कायम संगणकात खोचून ठेवलेली हार्ड ड्राइव्ह रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) मूळ फाइलींबरोबरच लॉक करून टाकतं.

सिंक होणाऱ्या, म्हणजे संगणकातला प्रत्येक बदल क्लाउडवर आपोआप उतरवणाऱ्या, फोल्डरलाही बॅकअप समजू नका. इथे डिलीट केलेली फाइल तिथूनही जाते. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात, ते सेटिंगमध्ये आजच पाहून ठेवा.

किती वेळ लागेल, याचा हिशेब नाही

५०० जीबी डेटा २० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायचा तर वेग पूर्ण मिळाला तरी ५५ तास लागतात. तोवर बिलं कशी करणार? आधी दोन आकडे ठरवा: किती तास बंद राहणं परवडेल आणि किती तासांच्या नोंदी पुन्हा हाताने भरता येतील. दुसरा आकडा चार तास असेल, तर रात्री एकदाच होणारा बॅकअप तुमच्या कामाचा नाही. आणि सगळं एकदम परत आणायचा हट्ट कशाला? आधी बिलं आणि येणी, मग चालू ऑर्डरी. जुने फोटो आठवडाभर थांबले तरी काही बिघडत नाही.

सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे

बँकेचा ओटीपी मालकाच्या फोनवर, डोमेनचं (वेबसाइटच्या पत्त्याचं) नूतनीकरण नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी ईमेलवर, राउटरचा पासवर्ड फक्त संगणकवाल्याला ठाऊक. अशा धंद्याला बंद पडायला आगच लागायला हवी असं नाही, मालक आजारी पडला तरी पुरतं. प्रत्येक खात्यावर अधिकार असलेला दुसरा माणूस हवा. पुरवठादार, बँक, इंटरनेट कंपनी, विमा यांचे नंबर कागदावर छापून दोन ठिकाणी ठेवा. आपत्तीत काय करायचं ती योजना सर्व्हरवरच असेल तर सर्व्हर बंद पडल्यावर वाचणार कशी?

विम्याची पॉलिसी काढून वाचा. सामानाची भरपाई आणि बंद काळातल्या उत्पन्नाची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या तासातली घाई

फाइलींची नावं अचानक बदललेली दिसली, खंडणीची चिठ्ठी आली, तर त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढा आणि वायफाय बंद करा. शक्यतो तो लगेच बंद किंवा फॉरमॅट करू नका, तपासाला लागणारे धागेदोरे त्यात असतात. स्क्रीनचा फोटो दुसऱ्या फोनने घ्या. पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ संगणकावरून. बॅकअपची ड्राइव्ह मात्र बाधित संगणकाला अजिबात जोडू नका. “जरा बघू तरी, शाबूत आहे का” म्हणून जोडलेली शेवटची चांगली प्रतही त्याच वेळी हातची जाते.