नवरंग पक्षी बघायचाय? मान खाली घाला
जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरी पडल्या की पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात फाटक उघडायच्या वेळीच पोचा. नवरंगाची शिट्टी सकाळी आणि तिन्हीसांजेलाच जास्त. तमिळमध्ये त्याला ‘सहाची चिमणी’ म्हणतात ते उगाच नाही. दोन सुरांची ती शिट्टी ऐकून मी दोन पावसाळे झाडांवरच शोधत बसलो, मान आखडली. पठ्ठ्या खाली पाचोळ्यात!

तर उकिडवे बसा, हलू नका. आधी पानं हलताना दिसतील. चोचीने पान उलटायचं, किडा टिपायचा, टुणटुण दोन उड्या. शेपटी जेमतेम, बुडाशी लालभडक.

मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका, विणीचे दिवस असतात. चोचीत काडी दिसली तर मुकाट्याने मागे फिरा.