ऊर्जाबचत आणि हवामानबदल शिकवताना या चुका टाळा

14 डिसेंबरचा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला की भित्तिपत्रके रंगतात, घोषवाक्ये पाठ होतात आणि 15 तारखेला विषय गुंडाळला जातो. विज्ञानाच्या शिक्षकाकडे सगळा भार सोपवून इतरांनी मोकळे व्हायचे, ही त्याचीच जोडचूक.

मात्र सर्वांत अधिक नुकसान करते ती वर्गातली वीजबिलांची तुलना. गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या एका शाळेत गणिताच्या तासाला सातवीच्या मुलांना घरची बिले आणायला सांगितली होती. रकमा फळ्यावर लिहिल्या गेल्या आणि सर्वांत कमी रकमेच्या मुलाला उभे करून टाळ्या वाजवल्या गेल्या. त्याच्या घरी फ्रीज नाही, हे अर्ध्या वर्गाला ठाऊक होते आणि टाळ्या थांबेपर्यंत त्याने मान वर केली नाही. अभावाला काटकसर म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. शिवाय तिथे गणितही चुकलेच होते, कारण टप्प्यांनुसार दर बदलतात, स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, वेगळा असतो, आणि मे महिन्यातले बिल जुलैच्या बिलाशेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.

घरची बिले मी वर्गात आणू देत नाही; शाळेचा मीटर पुरेसा आहे. अनेक मीटरवर दिव्याच्या 3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट असे छापलेले असते. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने सर्व उपकरणे बंद करावीत, 75 वॅटचा एकच पंखा चालू ठेवावा आणि पेटीला हात न लावता मीटरवरचा तांबडा दिवा पाहावा. तो दर 15 सेकंदांनी लुकलुकतो. हजार वॅटची इस्त्री लावली, तर जवळजवळ सेकंदाला एकदा. वॅट म्हणजे वापराचा वेग आणि युनिट म्हणजे झालेला एकूण वापर, हा फरक दहा व्याख्यांनी समजत नाही तो इथे समजतो. तयार पीपीटी मागणाऱ्या नवशिक्या शिक्षकांना माझे हेच सांगणे असते की आधी मुलांसोबत मीटरसमोर उभे राहा.

भूगोलाच्या तासाला हीच वीज नकाशावर मागे शोधत न्यावी. गोव्याची बरीचशी वीज राज्याबाहेरून येते, त्यात छत्तीसगडमधील कोरबाच्या औष्णिक केंद्राचाही वाटा आहे. देशाच्या वीजजाळ्यातील सरासरी धरली, तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

वितळत्या हिमनगांची चित्रे दाखवत राहणे, हीही चूकच. मांडवी-जुवारी नद्यांच्या काठची खाजन शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल जमीन, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, खारे पाणी थोपवणारा बांध यांतून समुद्राची पातळी वाढणे म्हणजे काय ते मुलांना कळते. पण बांध फुटला की लगेच हवामानबदलाकडे बोट दाखवू नये. निगा न राखल्यानेही बांध फुटतात, आणि ही कारणे वेगळी करणे इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासाचे काम आहे.

ओझोनचे छिद्र म्हणजे तापमानवाढ नव्हे. एक उष्ण दिवस म्हणजे हवामानबदल नव्हे. त्यासाठी निदान 30 वर्षांची सरासरी पाहतात. प्लास्टिकचा कचरा हा प्रामुख्याने वेगळा प्रश्न आहे.

मीटरची नोंद दर सोमवारी ठरलेल्या वेळीच घ्यावी. त्याच वहीतून गणिताला सरासरी मिळते आणि मराठीला वृत्तान्तलेखन. पावसाळ्यात सुरू केलेल्या नोंदीवरून महिन्याभरात निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ऑक्टोबरचा उकाडा येऊन गेल्यावरच आलेख काढायला बसावे.