यंत्राला कर्ज मिळालं, मिरचीला कुठून आणायचं?

जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना कर्ज-अनुदान मिळवायला मदत करणारी व्यक्ती, म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं ३५ टक्के अनुदान, १० लाखांची मर्यादा, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी आपटले ती खेळत्या भांडवलावर, म्हणजे धंदा रोज चालवायला लागणाऱ्या पैशावर.

कोल्हापूरकडच्या एक ताई कांदा-लसूण मसाला करायच्या. महिन्याला १०० किलो, ओळखीपाळखीत, सगळा रोखीत. मी कांडप यंत्राचं प्रकरण बँकेतून मंजूर करून आणलं. माल ४०० किलोवर गेला, दुकानांत लागला. दुकानदार मात्र पैसे देणार दीड महिन्याने. आता हिशेब मांडा. किलोमागे खर्च २५० रुपये, म्हणजे महिन्याला एक लाख. दीड महिन्याची उधारी म्हणजे दीड लाख सतत बाहेर. एक वसूल होईतो दुसरं अडकतं. नफा वहीत दिसतो, डब्यात नसतो. त्यात ब्याडगी-संकेश्वरी मिरची उन्हाळ्यातच, वर्षाची, रोखीने भरायची. शिवाय हप्ता.

ताई अनुदानाच्या भरवशावर होत्या. ते हातात पडत नाही. बँकेत वेगळं राहतं आणि तीन वर्षांनंतर खातं नियमित, उद्योग चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्यांनी पाटल्या गहाण टाकल्या. “मॅडम, धंदा वाढला, मग पैसा गेला कुठं?” त्यांच्या ओट्यावर बसून मी गप्प राहिले.

म्हणून यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी विचारा: उधारी किती दिवसांची, हंगामाची खरेदी कितीची? दुसऱ्याचा प्रकल्प अहवाल नाव बदलून वापरू नका, कितीही घाई असो. आपलं मानधन प्रकरणामागे २०,००० रुपये, त्यातलं निम्मं मिळतं ते कर्ज मंजूर झाल्यावर. मन तिकडे ओढतंच, मलाही ओढलं होतं. आणि ज्याने जत्रेत एक दिवस स्टॉलवर उभं राहून माल विकला नाही, त्याने विक्रीचं प्रशिक्षण देऊ नये, हे माझं ठाम मत.

घाबरू मात्र नका. पहिल्या वर्षी दोनच प्रकरणं झाली तरी चालतात. चूक लवकर कळली तर सावरता येते.

ताईंनी बारापैकी सात दुकानं सोडली, उरलेल्यांना पंधरा दिवसांची मुदत घातली. पुढच्या उन्हाळ्याआधी आम्ही बँकेत मिरचीसाठी कॅश क्रेडिटचा (लागेल तसं उचलायच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) अर्ज दिला. पाटल्या दिवाळीनंतर सुटल्या.