लांब नळीचं रिव्हॉल्व्हर शिकारीत वागवायचं कसं

रुगर सुपर रेडहॉक, नळी साडेनऊ इंची. मुठीपासून तोंडापर्यंत लांबी १५ इंच, रिकामं वजन साधारण १.६५ किलो. वर दुर्बीण बसवली आणि .४४ मॅग्नमची सहा काडतुसं भरली की काटा दोन किलोच्या पुढे जातो. हे धूड घेऊन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, म्हणजे हरणांचा गन सीझन (बंदुकीने शिकारीचा हंगाम) उघडतो त्या दिवशी, आग्नेय ओहायोच्या टेकड्या चढायच्या असतात. तिथे मल्टिफ्लोरा रोझची काटेरी जाळी असते आणि चढावर ओली पानं. दोन्ही हात मोकळे नसतील तर चालणंच होत नाही. त्यामुळे रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं यावर जितका खल होतो, त्याच्या निम्मा तरी ते अंगावर कुठे ठेवायचं यावर व्हायला हवा.

इथल्या मराठी मंडळींसाठी आधी एक गोष्ट. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे; वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान ५ इंच लागते आणि काडतूस सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाशी निमुळतं न होणारं, .३५७ इंची किंवा त्याहून मोठं. खासगी जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी.

आता मुद्द्याचं. कमरेला उजव्या-डाव्या बाजूला लटकवलेलं होल्स्टर (बंदुकीचं म्यान) सहा इंची नळीपर्यंत ठीक. त्यापुढे नुसता वैताग. ओंडक्यावर बसलात की होल्स्टरचं टोक जमिनीला टेकतं आणि मूठ बरगडीत घुसते. गाडीत बसताना तर पट्टाच सोडावा लागतो. कमरेलाच हवं असेल तर क्रॉसड्रॉ घ्या: होल्स्टर विरुद्ध बाजूला, मूठ पुढे. मचाणावर किंवा ब्लाइंडमध्ये (जमिनीवरच्या आडोशात) बसून राहणाऱ्याला ते सोयीचं पडतं. पट्टा मात्र दीड इंच रुंद, दुपदरी चामड्याचा हवा. जीन्सचा साधा पट्टा तासाभरात लोंबायला लागतो.

चालून शिकार करणाऱ्याने सरळ छातीवरचं होल्स्टर घ्यावं, हे माझं ठाम मत. अलास्कातले गाइड मासेमारी करताना अस्वलाच्या भीतीने असंच वागवतात. एक पट्टा खांद्यावरून, एक पाठीमागून, आणि रिव्हॉल्व्हर छातीखाली तिरकं. वजन खांद्यावर येतं, बसता-उठता आड येत नाही. मी डावखुरा आहे, त्यामुळे दुकानात टांगलेलं एकही मला चालत नाही. डावखुऱ्यांसाठी मुद्दाम ऑर्डर द्यावी लागते. तुम्हीही डावखुरे असाल तर ती जुलैतच देऊन टाका.

माप घेताना थंडीचा जाड कोट घालूनच घ्या. टी-शर्टवर बेतलेले पट्टे डिसेंबरात पुरत नाहीत. खरी मारामारी होते ती बायनॉक्युलरशी, कारण त्याच्या हार्नेसला, म्हणजे छातीवरच्या पट्ट्यांनाही, हीच जागा हवी असते. बायनॉक्युलर वर, बरगड्यांच्या फाट्यापाशी; होल्स्टर चार बोटं खाली, जवळजवळ पोटावर. सॅक शेवटी चढवा, म्हणजे ती काढताना बाकीचं हलत नाही. आणि हे सगळं नारिंगी जॅकेटच्या वरून. जॅकेटच्या आत ठेवलं तर कोरडं राहतं खरं, पण चेन उघडण्याच्या आवाजाला हरीण थांबत नाही.

उपसताना एका गोष्टीला फार जपा. तिरक्या होल्स्टरमधून बाहेर येणारी नळी दुसऱ्या हातावरून फिरते. म्हणून माझा उजवा हात आधी वर, छातीला चिकटून; मग डाव्याने होल्स्टरची पट्टी सोडायची, रिव्हॉल्व्हर वर काढायचं, तोंड समोर वळवायचं, आणि मगच उजवा हात मुठीवर. बोट चापाबाहेर, नळीला समांतर. परत ठेवताना डोळ्यांनी बघून ठेवा, तिथे घाई कशाची? रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, कोट आणि हातमोजे घालून, घरात सराव करा.

दुर्बीण असेल तर होल्स्टर त्याच मॉडेलच्या, त्याच माउंटच्या (दुर्बीण धरणाऱ्या कड्यांच्या) मापाचं लागतं. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून विकलं जाणारं नायलॉनचं होल्स्टर कुणालाच नीट बसत नाही.

थॉम्पसन सेंटर कंटेंडरचं प्रकरण वेगळं. १९६७ साली आलेलं हे एकगोळी पिस्तूल, १४ इंची नळीचं घेतलं तर होल्स्टरचा नाद सोडा. त्याला पट्टा अडकवायचे खिळे बसवून घ्या आणि गळ्यातून छातीवर आडवं टाका. नेम धरताना हात पुढे रेटून पट्टा ताणला की तोच आधार होतो; नेमाचं सीताफळाएवढं डळमळणं निम्म्यावर येतं. चालताना चेंबर रिकामं, काडतूस खिशात. बसल्यावर भरा.

रुगरची १९७३ पूर्वीची सिंगल ॲक्शन (दर गोळीला घोडा हाताने मागे ओढावा लागणारी) वापरत असाल तर पाचच काडतुसं भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा. जुन्या यंत्रणेत घोड्याला धक्का बसला तर गोळी सुटू शकते. कंपनी ती यंत्रणा फुकट बदलून देते, ते करून घेतलेलं उत्तम. मचाणावर चढताना कुठलंही मॉडेल असो, सगळं रिकामं करायचं, पिशवीत घालून खाली ठेवायचं, वर जाऊन स्वतःचा सुरक्षेचा पट्टा अडकवायचा आणि मग दोरीने ओढून घ्यायचं.

चामडं की कायडेक्स? कायडेक्स, म्हणजे कडक प्लास्टिक, पावसाला भीत नाही, पण फांदी घासली की खर्र आवाज येतो, आणि शांत सकाळी तो लांबवर जातो. मी चामडंच वापरतो. संध्याकाळी रिव्हॉल्व्हर बाहेर काढून पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. होल्स्टर हीटरपासून लांब, सावलीत उलटं टांगायचं. ओल्या चामड्यात रात्रभर राहिलं तर स्टेनलेस स्टीललाही डाग पडतात.